मागचं डावं दार

मे महिन्याची वीस तारीख. काम एकच होतं, गाडीच्या मागच्या डाव्या दाराचं लॉक. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना ठाण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि त्या दाराचा निकाल लागल्याशिवाय त्या गाडीत पाय ठेवणार नव्हत्या. सकाळचा स्वयंपाक उरकला, ओढणी कमरेला बांधली आणि स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड नि चिकटपट्टी घेऊन मी अंगणात उतरले.

सासूबाईंचा एक डोळा केव्हाच गेलेला आहे. उरलेल्या डोळ्याच्या पडद्याला सूज येते. त्यासाठी ठराविक दिवसांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. मधली एक खेप त्यांनी बुडवली होती. डॉक्टरीणबाईंनी फोनवर मला शांतपणे सांगितलं होतं, "हेही चुकलं तर पुढचं मला विचारू नका." त्या बाई कमी बोलतात, म्हणून मला आवडतात.

खेप बुडवण्याचं कारण हे दार.

त्याआधीच्या खेपेला माझ्या माहेरी निजामपुऱ्यात लग्न होतं, म्हणून सासूबाईंना दवाखान्यात नेण्याचं काम मी नवऱ्यावर आणि दिरावर सोपवलं. दोन धडधाकट पुरुष, एक म्हातारी आणि एक गाडी. यात बिघडण्यासारखं काही नाही असं कोणालाही वाटेल. परत येताना दोघांना वाटेत एका गोडाऊनवाल्याशी बोलायचं होतं. आमच्या वळ गावात शेतं गेली आणि गोडाऊनं आली, तेव्हापासून आमच्या घरच्या पुरुषांचं शेतीकाम म्हणजे गोडाऊनच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसणं. तर हे दोघे "दोन मिनिटांत येतो, आये" म्हणून उतरले, काचा बंदच होत्या, आणि सवयीने रिमोटचं बटण दाबून निघून गेले. आत म्हातारी. बाहेर ऊन. दोन मिनिटांत आमच्याकडे कोणाचं बोलणं संपल्याचं मी लग्न झाल्यापासून पाहिलेलं नाही.

सासूबाईंनी दार उघडायचा प्रयत्न केला, उघडेना. काच खाली करायचं बटण दाबलं, गाडी बंद असल्यावर ते चालत नाही. पलीकडे सरकावं तर मध्ये आंब्याच्या पेट्या. शेवटी त्यांनी काचेवर हात आपटायला सुरुवात केली. फाटकावरच्या वॉचमनने ते पाहिलं. शेठची आई हात करतेय असं समजून त्याने टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. त्यांनी पुन्हा काच बडवली. त्याने पुन्हा सलाम ठोकला.

दोघे परत आले ते हातात थंड्याची बाटली घेऊन. रिमोट दाबला तर तीन दारं उघडली आणि सासूबाईंच्या बाजूचं नाही. मग उजव्या दाराने पेट्या बाहेर काढून आईला ओढून काढलं. त्या घरी आल्या तेव्हा पातळ घामाने अंगाला चिकटलं होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. फुटला तेव्हा पहिला शब्द मी इथे लिहीत नाही. दुसरं वाक्य असं होतं: "मी न्हाय बसाची आता त्या डब्यान."

"आये, तू खिट्टी वर केली असतीस तर उघडलं असतं," दीर म्हणाला.

"केलती वर. वर-खाली, वर-खाली. सगला ओढला मी."

"मग उघडलं कसं न्हाय?"

"ते तू सांग. गाडी तुजी."

"दिसत न्हाय तिला," नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला. "भलतंच कायतरी ओढलं असेल."

त्यावर घरात एकमत झालं. म्हातारीला दिसत नाही, समजत नाही आणि घाबरते. एकमत व्हायला आमच्या घरात फार वेळ लागत नाही, फक्त ते म्हातारीबद्दल किंवा माझ्याबद्दल असावं लागतं.

रिक्षाला दार नसतं म्हणून सासूबाई रिक्षाने जायला तयार होत्या. पण इंजेक्शननंतर त्या हायवेवर, ट्रेलरच्या मागून, ती सगळी धूळ उघड्या रिक्षात डोळ्यावर घेत यायचं म्हणजे दवाखान्यात न गेलेलं बरं. दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसायलाही त्यांची ना होती. त्यांच्या लेखी सगळ्या गाड्या आता डबेच.

मधल्या दिवसांत दाराची जी दुरुस्ती झाली ती अशी. प्रथम नवऱ्याने गाडीपुढे नारळ फोडला आणि जुनी लिंबू-मिरची काढून नवी बांधली. नजर लागली म्हणे. ज्या गावात प्रत्येक दारात याहून मोठी गाडी उभी आहे, तिथे आमच्या गाडीला कोण नजर लावणार, हे मी विचारलं नाही. मग रिमोटचा सेल बदलला. मग फ्यूज बदलला. एकाच रिमोटने आणि एकाच फ्यूजवर बाकीची तीन दारं व्यवस्थित उघडझाप करत होती, पण हा विचार करायला थांबावं लागतं. मग अंजूरफाट्याचा इलेक्ट्रिशियन आला. त्याने बॉनेट उघडलं. दाराचं लॉक बिघडलंय आणि हा बॉनेट उघडतोय. पण आमच्याकडे बॉनेट उघडलं की निम्मी दुरुस्ती झाली असं समजतात. दोघे भाऊ त्याच्या दोन बाजूंना कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि तिघांनी मिळून इंजिनाकडे पाहिलं.

"पूरा सिस्टम गया है, सेठ," तो म्हणाला. "चारों दरवाजे का नया डालना पड़ेगा."

"तीन तो चालू हैं," मी म्हटलं.

"भाभी, आज चालू हैं. कल का क्या भरोसा?"

उद्याचा भरोसा तर त्याचाही नव्हता, पण म्हणून कोणी नवा इलेक्ट्रिशियन बसवत नाही. मी चहा दिला आणि त्याला वाटेला लावलं. दीर म्हणाला, "राहू दे वहिनी, लग्नसराई संपली की गाडी कंपनीत टाकू." लग्नसराई संपेपर्यंत डोळा थांबेल का, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही स्वतःहून मनावर घेतलं नव्हतं.

माझ्या माहेरी पॉवरलूमचा कारखाना होता. वडील आजारी पडले तेव्हा लग्नाआधी काही वर्षं तो मी सांभाळला. तिथे एक गोष्ट शिकले, ती पुढे सगळीकडे उपयोगी पडली. लूम थांबला की नवा लूम आणत नाहीत. लूमकडे पाहून हळहळतही नाहीत. कुठला धागा तुटला ते एका कडेपासून बघत जातात. बाकी धागे शाबूत असतील तर त्यांना हात लावत नाहीत. एवढंच. याला बुद्धी लागत नाही, वाकून बघावं लागतं. आणि आमच्या पुरुषांच्या पोटांनी नेमकं तेवढंच अवघड करून ठेवलंय.

तर त्या वीस तारखेला मी ड्रायव्हरच्या बाजूचं बटण दाबलं आणि कान दिला. तीन दारांतून टक आवाज आला. मागच्या डाव्या दाराला कान लावून पुन्हा दाबलं. काही नाही. आतली मोटर अडकली असती तर निदान गुरगुरली असती. ही मुकी होती, म्हणजे तिच्यापर्यंत वीजच पोचत नव्हती. मग हाताने आतली खिट्टी वर करून दार बाहेरून उघडलं आणि सताड उघडं ठेवून बटण दाबलं.

टक.

दार लोटलं, दाबलं. काही नाही. पुन्हा उघडलं, दाबलं. टक.

दार उघडं असलं की वीज येते, बंद केलं की जाते. मग दोष कुठे असणार? दार जिथे वाकतं तिथे. गाडीच्या अंगातून दारात वायरी जातात त्या बिजागरीजवळच्या एका काळ्या रबरी नळीतून. मी ती नळी खेचून मागे सारली. कंपनीच्या बारीक रंगीत वायरी निमूट एका बाजूला दाबल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या उरावर, काळ्या पट्टीने गच्च आवळून, लाल-काळ्या जाड वायरींची एक जोडी बसवली होती. एवढ्याशा नळीत एवढं कोंबलं तर दार मिटताना कोणीतरी चिरडणारच. एका बारीक वायरीचं आवरण फाटलं होतं आणि आतली तांब्याची तार जवळजवळ तुटली होती. दार उघडलं की टोकं टेकत, मिटलं की सुटत.

त्या जाड वायरी कुठे जातात ते बघायला मला फार लांब जावं लागलं नाही. दाराच्या खालच्या भागात जाळीमागे ताटाएवढा स्पीकर होता.

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला पंगत असते, हळदीला आवाज असतो. अंगणात डीजेच्या भिंती उभ्या असतातच, पण ज्याची गाडी दारं उघडी टाकून रस्त्यात वाजत नाही त्याला भाऊबंदांत मान नाही. दिराने चुलत पुतण्याच्या हळदीसाठी गाडीच्या मागच्या दारांत हे स्पीकर बसवून घेतले होते. त्या दिवशी गाडी अशी हादरत होती की फळीवरची भांडी सरकत होती. सगळ्यांनी कौतुक केलं. मी भांडी मागे सरकवली.

"भावजी," मी हाक मारली. "जरा इकडे या."

दीर मोबाइल बघत आला. मी नळी दाखवली. त्याने वाकून पाहिलं आणि लगेच सरळ उभा राहिला.

"वायर हाय," तो म्हणाला.

"स्पीकरची आहे. हिने लॉकची वायर चेचली. काढतेय मी."

"अरे न्हाय, वहिनी, थांब. रविवारी पिंपळासला हळद हाय. सोमवारी काढू."

"आईंचं इंजेक्शन उद्या आहे."

"मग उद्या रिक्षानं..."

तेवढ्यात नवराही आला. त्याने मोठ्या भावाला शोभेल असा मधला मार्ग काढला. "डावीकडचा स्पीकर राहू दे, फक्त वायर जरा सैल कर." हा मनुष्य न्यायाधीश झाला असता तर चोराला अर्धा दागिना परत मिळाला असता.

मी बॅटरीची तार सोडवली, पक्कड घेतली आणि स्पीकरची जोडी कापून बाहेर ओढली. दीर "अगं, अगं" म्हणाला, पण पुढे आला नाही. तुटलेल्या बारीक वायरीला मधे एक तुकडा जोडून थोडी ढिली ठेवली, पट्टी गुंडाळली, नळी जागेवर बसवली. बॅटरी जोडली. दार मिटून बटण दाबलं. टक. पुन्हा पुन्हा दाबलं. दरवेळी टक.

सासूबाई ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्यांना दिसतं कमी, पण त्याची भरपाई त्या कानांनी करतात. त्यांच्या मांडीवर वरवंटा होता. त्या दिवसापासून तो पाट्यावर कमी आणि त्यांच्याजवळच जास्त असायचा. पुन्हा कोणी गाडीत घातलंच तर काच फोडायला.

"आई, झालं दार," मी म्हटलं.

"आतून उघडून दाखव."

रास्त होतं. मी मागच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं. लॉक उघडलेलं आहे हे मला माहीत होतं, खिट्टी डोळ्यांपुढे वर होती. कडी ओढली.

दार उघडलं नाही.

पुन्हा ओढली. कडी सैल हलत होती, दार ढिम्म. पलीकडचं उजवं दार करून पाहिलं, तेही तसंच. बाहेरून नवऱ्याने उघडलं तेव्हा सहज उघडलं.

"बघ, तुलाही जमलं न्हाय," नवरा हसून म्हणाला. "जोर लावायला लागतो."

माझ्या मनात एक शंका आली होती, पण ती मी तिथेच सांगितली असती तर हे दोघे मान हलवून "हां, तेच म्हणत होतो" म्हणाले असते आणि संध्याकाळपर्यंत सासूबाई पुन्हा वेड्या ठरल्या असत्या. म्हणून मी बाहेर आले.

"मला जोर नाही," मी म्हटलं. "तुम्ही दोघे बसा आत. आईंनी काय करायला हवं होतं ते एकदा नीट करून दाखवा."

पुरुषाला आपला जोर दाखवायची संधी दिली की तो कारण विचारत नाही. दोघे मागे बसले. दोघे बसल्यावर गाडी मागून बसली. मी दारं लावली, काचा बंद होत्याच, किल्ली माझ्या हातात होती.

आतून पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला. मग कडी ओढल्याचा. मग खिट्टी वरखाली केल्याचा. मग दोघांनी एकाच वेळी आपापली दारं खांद्याने ढकलल्याचा, त्याने गाडी जराशी झुलली. मधून पुढच्या सीटवर सरकायला दोघांची पोटं आड येत होती. मे महिना होता, दुपार व्हायला आली होती आणि गाडी काळी. काळी दिराच्या पसंतीने घेतली होती, भारी दिसते म्हणून.

"उघड गं," नवरा काचेपलीकडून म्हणाला.

"खिट्टी वर केलीत का?"

"केली."

"मग उघडलं कसं नाही? भलतंच काहीतरी ओढताय का?"

नवऱ्याने पुन्हा कडी ओढली. दिराच्या कपाळावरून घाम निघून भुवईत जमला होता. तो काहीतरी पुटपुटला.

"ऐकू येत नाही, भावजी. काच आहे मधे."

"चाइल्ड लॉक असेल," तो मोठ्याने म्हणाला.

तीच माझी शंका होती. मागच्या दारांच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसेल असा एक छोटा खटका असतो. मागे बसलेल्या लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून तो लावतात. तो लावला की आतून खिट्टी वर करा, कडी ओढा, डोकं आपटा, दार उघडत नाही. फक्त बाहेरून उघडतं.

"कोणी लावलं?"

नवराही आता भावाकडे बघत होता.

"वरातीत पोरं सारखी दारं उघडत होती," दीर म्हणाला. "दार आपटलं की गाणं मधेच तुटायचं. मी लावलं. मग राहून गेलं."

"आणि लॉक कधीपासून अडकत होतं?"

"स्पीकर बसवले तेव्हापासून थोडं थोडं. एवढं न्हाय."

"मग आई ओढत होत्या ते बरोबर होतं."

काचेआड दिराने बाहीने घाम पुसला.

सासूबाई ओट्यावरून उतरल्या. एका हाताने भिंत, दुसऱ्यात वरवंटा. गाडीजवळ येऊन त्यांनी काचेला नाक लावलं. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण आत दोन मोठे आकार आहेत आणि ते तळमळताहेत एवढं कळत होतं.

"गरम होतंय का रं?" त्यांनी विचारलं.

"आये, उघडायला सांग तिला," नवरा म्हणाला आणि काचेवर हाताने थापटलं.

सासूबाईंनी वरवंटा डाव्या हातात घेतला, पाय जुळवले आणि त्या वॉचमनसारखा कडक सलाम ठोकला. नवऱ्याने पुन्हा काच बडवली. त्यांनी पुन्हा सलाम ठोकला.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काढ गो बाहेर. रडतील नायतर." आणि ओट्याकडे परत जाता जाता, कोणाला उद्देशून नव्हे, "आवाजापायी आयशीला कोंडलास. आन् वर मलाच आंधली म्हणतोस."

मी दार उघडलं. दोघे उतरले आणि माठाकडे गेले. त्यांच्यापैकी कोणीही आईची माफी मागितली असं मला आठवत नाही. नवऱ्याने पाणी पिऊन झाल्यावर एवढंच म्हटलं की, या कंपनीवाल्यांनी असले खटके ठेवायलाच नकोत. दीर दुपारी जेवायला आला नाही. संध्याकाळी तो फोनवर कोणाला तरी सांगताना ऐकलं, "वहिनीनं वायर कापली, आता रविवारचं काय करू सांग." त्याच्या आयुष्यात त्या आठवड्यात घडलेली वाईट गोष्ट तेवढीच होती.

मी दोन्ही दारांचे खटके खाली केले. परत मागे बसून दोन्ही दारं आतून उघडून पाहिली, मग सासूबाईंना बसवून त्यांच्याकडून उघडवून घेतली. त्यांचा हात कडीवर नेऊन ठेवायला लागला नाही. कडी कुठे आहे ते त्यांना पहिल्यापासून नीट ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले. उन्हाच्या आधी दाराची आतली पाटी काढून डावा स्पीकर खोलला, मग उजवा. दोन्ही दिराच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवले, जाळी वर करून, म्हणजे बाहेर पडताना पाय पडला तर त्याचाच पडेल. रिमोट नवऱ्याच्या जुडग्यातून काढून माझ्या पर्समध्ये टाकला. सासूबाई तयार होऊन आल्या, डोक्यावर पदर, हातात वरवंटा. पुढे बसता का विचारलं तर म्हणाल्या, मागेच बसते, डावीकडे.

गाडी मी चालवली. ठाण्याला दवाखान्याच्या आवारात गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि मुद्दाम माझ्या जागेवरून हलले नाही. मागून कडी ओढल्याचा आवाज आला, दार उघडलं आणि त्या आपल्या आपण उतरल्या. वरवंटा सीटवरच ठेवला होता. मी तो उचलून सीटखाली सारला, गाडी लॉक केली, चारही दारांचा टक ऐकला आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन गेले.